गार हवेचे माप

एकतीस वर्षे मी लोकांचे काटे तपासले आणि सेवानिवृत्तीनंतर स्वतःच काटा मारला. तोसुद्धा पोटच्या मुलाला, परमुलखात, ह्यूस्टनजवळच्या एका सरळसोट रस्त्यावर. काटा तागडीचा नव्हता, स्टॉपवॉचचा होता. पण मापात पाप ते पापच. चित्रगुप्ताच्या वहीत नोंद झालीच असेल. ती वही उघडण्यापूर्वी आपली बाजू छापून टाकावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

मी वजने-मापे खात्यात निरीक्षक होतो. २००९ च्या कायद्याने या विषयाला 'वैध मापनशास्त्र' असे भारदस्त नाव दिले, पण बाजारात आम्ही शेवटपर्यंत 'काटेवाले साहेब'च राहिलो. सांगलीची हळद आणि कोल्हापूरचा गूळ या दोन्ही बाजारांत मी पारड्याखाली चिकटवलेली चिंच पाहिली, आतून पोखरलेली वजने पाहिली, तळ आत ठोकलेली दुधाची मापे पाहिली. असल्या नोकरीचा परिणाम माणसावर होतोच. आमची ही अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "लग्नात मंगळसूत्राचं सोनं यांनी भर मांडवात मोजून घेतलं." हे साफ खोटे आहे. सोने सोनारानेच मोजले. मी फक्त त्याच्या काट्यावर शिक्का आहे की नाही एवढे पाहिले.

तर असा मी गेल्या वर्षी तीन महिने मुलाकडे राहायला गेलो. चिरंजीव एका कंपनीत संगणकासमोर बसून असतात. घर आहे, सूनबाई आहे, नातू आहे आणि दारात एक पिकअप ट्रक आहे. आपल्याकडे पिकअप म्हटला की डोळ्यांपुढे टोमॅटोचे क्रेट आणि त्यांवर बसलेले दोन गडी येतात. तिकडे पिकअपमध्ये एकटा माणूस बसून कचेरीत जातो. फोर्ड कंपनीची एफ मालिका १९७७ पासून त्या देशातला सर्वांत जास्त खपणारा ट्रक आहे, आणि चिरंजीवांचा ट्रक त्याच घराण्यातला. पाच लिटरचे, आठ सिलिंडरांचे, ४०० अश्वशक्तीचे इंजिन! त्यातून पहिल्या आठवड्यात आम्ही जे सामान वाहून आणले ते म्हणजे कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणि पाव किलो आले.

"चारशे घोडे जुंपलेत, एक तरी पोतं आणायचं होतं," ही म्हणाली.

एके दिवशी दारात एक भले मोठे खोके येऊन पडले. सूनबाईने किंमत सांगितली, सुमारे चारशे डॉलर. हिने ताबडतोब मनात गुणाकार करून "अगंबाई" म्हटले. खोक्यात निघाला एक जाड गुळगुळीत नळा, शंकूच्या आकाराची लाल गाळणी, एक पत्र्याचा आडोसा आणि मूठभर स्क्रू. या वस्तूला 'कोल्ड एअर इंटेक' म्हणतात. गाडीबरोबर कंपनीने दिलेले नाक काढून टाकायचे आणि हे विकतचे नाक बसवायचे.

"बाबा, हवा गार असली की दाट असते," चिरंजीव उत्साहाने सांगू लागले. "दाट हवेत प्राणवायू जास्त. प्राणवायू जास्त, तर पेट्रोल जास्त जळणार, म्हणजे ताकद जास्त."

"म्हणजे इंजिनाला प्राणायाम," ही म्हणाली.

मला मात्र हे शास्त्र पटले. हवेलाही वजन असते. एक घनमीटर हवा साधारण बाराशे ग्रॅम भरते. एक किलो पेट्रोल नीट जाळायला पावणेपंधरा किलो हवा लागते. हवा तीन अंशांनी गार झाली की तितक्याच जागेत तिचे वजन शेकडा एकाने वाढते. हिशेब चोख आहे. प्रश्न एवढाच होता, की ऑगस्ट महिन्यात, बाहेर अडतीस अंश असताना, ह्यूस्टनमध्ये गार हवा आणायची कुठून? त्या शहरात उन्हाळ्यातली गार हवा फक्त घरात असते आणि तिचे वेगळे बिल येते.

रविवारी नाक बसवायचा कार्यक्रम झाला. मी पाने, पकडी हातात देण्याच्या कामावर होतो. जुने नाक काढले तेव्हा मी सवयीप्रमाणे ते उलटेसुलटे करून पाहिले. त्याचे तोंड तापलेल्या इंजिनाकडे नव्हतेच. ते पुढच्या जाळीकडे, बाहेरच्या हवेकडे होते.

"अरे, हेसुद्धा बाहेरचीच हवा घेतं की!"

"हो. पण वाट अरुंद आहे."

"आणि नळीला हा रिकामा डबा कशाला जोडलाय?"

"तो आवाज गिळायला."

"नवीन नाकाला?"

"नाही," चिरंजीव म्हणाले आणि एकदम स्क्रू शोधू लागले. बाजारात व्यापारी असाच एकदम काहीतरी शोधू लागे, तेव्हा मी पारडे उलटे करीत असे. पण हा व्यापारी नव्हता, गिऱ्हाईक होता. गिऱ्हाइकाने स्वतःपासून काही लपवले तर कोणते कलम लागते, हे मला नोकरीत कोणी शिकवले नव्हते.

मग मी खोक्याकडे वळलो. त्यावर लिहिले होते : '१५ अश्वशक्तीपर्यंत वाढ'. हा 'पर्यंत' शब्द ज्याने शोधला त्याचा पुतळा प्रत्येक बाजारपेठेत उभारायला हवा. माझ्या हद्दीत 'एक किलोपर्यंत साखर' अशी पिशवी कोणी विकली असती तर मी दुकानाचा पंचनामा केला असता. रिकामी पिशवीसुद्धा एक किलोपर्यंतच भरते!

ताकद मोजण्याचे यंत्र असते. गाडीची चाके त्याच्या रुळांवर फिरवतात आणि आकडा घेतात. पण त्याच गाडीचा आकडा त्याच यंत्रावर सकाळी एक येतो, दुपारी हवा तापली की दुसरा येतो. शिवाय बॉनेट उघडे टाकून समोर पंखा लावला, की उघड्या गाळणीला जी गार हवा मिळते, ती रस्त्यावर बॉनेट लावून सिग्नलला उभे असताना मिळत नाही. तिथे आडोसा जर नीट बसला नसेल, तर हे गार हवेचे नाक इंजिनाचीच गरम वाफ ओढत बसते. नाव सोनूबाई, हाती कथिलाचा वाळा.

आणि हे सगळे असूनही ताकद वाढते असे धरले, तरी ती कधी? इंजिनाच्या घशात एक झडप असते. पायाखालचे पेडल दाबावे तशी ती उघडते. आपण रोज गाडी चालवतो तेव्हा ही झडप जेमतेम किलकिली असते. घसाच आवळलेला असताना नाक रुंद करून काय उपयोग? पेडल पार तळाला नेले, झडप सताड उघडली, तरच नाकाचा प्रश्न येतो. असे क्षण कचेरीला जाणाऱ्या माणसाच्या दिवसात किती? चिरंजीवांच्या रस्त्यावर सकाळी एवढी गर्दी असते, की चारशे घोड्यांतले तीनशे ऐंशी नुसते उभे राहून शेपटीने माश्या वारतात.

पेट्रोल वाचेल, असाही एक समज आहे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मोटारींच्या गाळण्या मुद्दाम चोंदवून पाहिल्या. आधुनिक इंजेक्शनच्या मोटारींना त्यामुळे पेट्रोल जास्त लागले नाही; फक्त जोरात वेग घेताना त्या मंदावल्या. आता नाक चोंदले तरी जी गाडी जास्त पीत नाही, ती नाक मोकळे केल्याने कमी कशी पिणार? कॅलिफोर्नियात असे नाक विकायचे तर सरकारचा परवाना क्रमांक लागतो हे खरे. पण त्याचा अर्थ एवढाच, की धूर मर्यादेबाहेर जात नाही. ताकद वाढल्याचा दाखला तो नव्हे. आमच्या शिक्क्याबद्दलही लोकांचा असाच घोटाळा होई. काट्यावर सरकारी शिक्का आहे म्हणून गूळ गोड आहे, असे समजत!

तर प्रत्यक्ष परीक्षा. नाक बदलण्याच्या आदल्या आठवड्यातच मी हट्टाने मूळ माप घेऊन ठेवले होते. केटी गावापलीकडे, जिथे एके काळी भातशेती होती, तिथे एक सपाट मोकळा रस्ता आहे. शून्यापासून ताशी साठ मैल गाठायला किती सेकंद लागतात ते पाहायचे. दोन फेऱ्या जाताना, दोन येताना, म्हणजे वारा आणि उतार यांचा हिशेब फिटतो. टाकी सारखी भरलेली, एसी बंद, प्रवासी एकच, म्हणजे मी. हिने एसी बंद असलेल्या शास्त्रात सहभागी व्हायला नकार दिला.

मूळ नाकाचे आकडे होते ६.६, ६.४, ६.७ आणि ६.५. नव्या नाकाचे आले ६.५, ६.६, ६.६ आणि ६.५. वाचकांपैकी ज्यांना गणिताची आवड आहे त्यांनी बेरीज करून पाहावी. दोन्हींची सरासरी ६.५५. तंतोतंत! आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर यावरून काहीच सिद्ध होत नाही. कारण ४०० वर पूर्ण १५ अश्वशक्ती मिळाली असती तरी फरक पाव सेकंदाच्या आतच पडला असता, आणि माझ्या सत्तरी ओलांडलेल्या अंगठ्याची चूकच मुळी तेवढी.

फरक एकाच गोष्टीत पडला होता. आवाजात. पूर्वी पेडल दाबले की पुढे कुठेतरी काहीतरी घुमल्यासारखे वाटे. आता गाडीने खोल श्वास घेतला आणि तो श्वास आमच्या छातीपर्यंत आला. प्रत्येक फेरीला चिरंजीवांच्या चेहऱ्यावर जे काही उमटत होते ते मी फार वर्षांनी पाहत होतो.

चौथी फेरी संपली. त्याने गाडी कडेला घेतली आणि विचारले, "किती, बाबा?"

मी आकडे पाहिले. त्याच्याकडे पाहिले. आणि म्हणालो, "दोन दशांशांनी कमी."

"बघा!" तो म्हणाला.

त्या रात्री मला झोप आली नाही. छताकडे पाहत मी स्वतःला विचारत होतो, की हे काय झाले? एका चिंचोक्याएवढ्या चिंचेसाठी मी दुकानदारांना कोर्टात उभे केले आणि इथे स्वतः दोन दशांश सेकंदांची चिंच लावून मोकळा झालो.

मग कारण आठवले. १९९७ साल असेल. हा तेव्हा शाळेत कवायतीच्या रांगेत सर्वांत पुढे उभा राही, म्हणजे सर्वांत बुटका. कोणीतरी सांगितले म्हणून तीन महिने तो रोज व्हरांड्याच्या दांडीला लोंबकळत होता. तीन महिन्यांनी भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, मोजा." मी डोक्यावर गुण्या लावला, टेप धरली, खाली पाहिले आणि म्हणालो, "टाचा टेक. पाव इंच टाचांचं आहे. वाढ शून्य." माप बिनचूक होते. तो दुसऱ्या दिवसापासून दांडीला लोंबकळला नाही. पुढे तो चांगला माझ्याहून उंच झाला, पण 'बाबा, मोजा' असे त्यानंतर कधी म्हणाला नाही. तीस वर्षे होत आली. परवा त्याने 'किती, बाबा?' विचारले ते दुसऱ्यांदा.

सकाळी सहाला तो चहा घेत होता. मी समोर बसलो आणि कबुलीजबाब दिला. "अरे, काल मी खोटं बोललो. फरक काहीच नव्हता. सरासरी तीच आली."

तो हसायला लागला. "ठाऊक आहे, बाबा. माझा फोन जीपीएसवर मोजत होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही दोन दशांश म्हणालात आणि मला काही सुचलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला झुकतं माप दिलंत."

मी चहाकडे पाहत राहिलो. थोड्या वेळाने विचारले, "पण ताकद वाढत नाही हे माहीत होतं, तर चारशे डॉलर कशाला घातलेस?"

"आवाजासाठी," तो म्हणाला. "दिवसभर मी काम करतो त्याचा आवाजच होत नाही, बाबा. केलं काय आणि न केलं काय, खोलीत सारखीच शांतता. तुमच्या कामाला आवाज होता. मी लहानपणी तुमच्याबरोबर बाजारात यायचो ना, तुम्ही वजनाच्या शिशावर शिक्का ठेवून हातोडी मारायचात, ठक्कन! तो मला अजून ऐकू येतो."

खरे सांगतो, तो आवाज मलाही ऐकू येतो. लोखंडी वजनाच्या पोटात शिशाची गोळी असते, तिच्यावर तो शिक्का उठतो. मोजणीचे काम त्याआधीच संपलेले असे. आवाजाने वजन गुंजभरही वाढत नसे. पण तो 'ठक्' ऐकल्याशिवाय काम झाले असे मला एकतीस वर्षांत कधी वाटले नाही.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. पिकअपला हे नाक बसवावे की बसवू नये? ताकदीसाठी म्हणाल, तर रोजच्या वापराच्या गाडीला नको. पेट्रोल वाचवण्यासाठी तर मुळीच नको. आवाजासाठी घ्यायचे, तर घ्या. पण आवाज म्हणून घ्या. विकणाऱ्याचे पाप आवाज विकण्यात नाही, तो ताकदीच्या भावाने विकण्यात आहे. आपल्याकडे बंद पुड्यावर निव्वळ वजन छापावे लागते. तसे या खोक्यावर ठळक अक्षरांत 'निव्वळ आवाज' एवढेच छापले तर माझी काही तक्रार नाही. आणि हा आवाज बऱ्यापैकी सभ्य आहे. बुलेटचा सायलेन्सर काढून गल्ली उठवणारा माणूस दुसऱ्यांच्या कानांनी आपला आवाज ऐकतो. हा आवाज मुख्यतः चालवणाऱ्यालाच ऐकू येतो, आणि तोही पेडल दाबले तर.

राहिले माझे पाप. झुकते माप दिल्याबद्दल मी कधी कोणावर खटला भरला नव्हता, तेव्हा स्वतःला सोडून द्यावे, असे मन म्हणते. पण तो युक्तिवाद टिकत नाही. ज्याला आज मी आवाजाची ताकद करून दिली, त्याने उद्या ब्रेकबद्दल विचारले तर माझ्या आकड्यावर त्याने का विश्वास ठेवावा? खोटे बोलण्याची मला गरजच नव्हती. माझ्याजवळ दुसरे एक खरे तयार होते : "वेळ तेवढीच आली रे, पण आवाज झकास आहे." ते मला सुचले नाही, कारण जन्मभर मी आकड्यालाच खरे म्हणत आलो. १९९७ सालीसुद्धा "वाढ शून्य" एवढेच खरे नव्हते. पोराने तीन महिने एक दिवस न चुकता दांडीला लोंबकळून दाखवले होते, हेही खरेच होते. पण ते गुण्याखाली येत नव्हते म्हणून मी मोजले नाही. सोन्याचा काटा लाकडाच्या वखारीत नेऊ नये, हे मी व्यापाऱ्यांना सांगत असे. घरात मात्र सगळ्याला मी एकच काटा लावला.

आता शेवटची एक बाब. ती लाल गाळणी तेल लावलेल्या सुती कापडाची असते. ती अधूनमधून धुवायची, वाळवायची आणि पुन्हा तेल लावायचे. पण तेल जास्त झाले, तर ते आत हवेचे वजन मोजणाऱ्या बारीक तारेवर जाऊन बसते आणि इंजिनाचा हिशेब चुकतो. म्हणजे त्या इंजिनातही एक वजने-मापे निरीक्षक बसवलेला आहे! बाकीचे निरीक्षक डोळ्यांत तेल घालून काम करतात. याच्या डोळ्यांत तेल गेले की काम बिघडते.

हे कळल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, तेल लावायचं काम तुमच्याकडे. माझा हात सैल आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा करू."

"अरे, पण गाळणी तोवर थांबेल का?"

"थांबेल," तो म्हणाला. "तुम्हीच मोजून सांगा, कधी येताय ते."